एस्टोनियाचा पहिला उपग्रह: मुख्य प्रयोग फसला, मग हाती काय लागलं?

प्रश्न थोडक्यात असा: जेमतेम १३ लाख लोकसंख्येच्या एस्टोनियाने २०१३ साली आपला पहिला उपग्रह सोडला. तो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बनवला होता. ज्या प्रयोगासाठी तो वर गेला तो प्रयोग झालाच नाही, तरी तिथे सगळे त्याला यशस्वी म्हणतात. हे कसं काय? विद्यार्थी खरोखर उपग्रह बनवू शकतात का? आणि आपल्या कॉलेजात असं काही करायचं झालं तर सुरुवात कुठून करायची?

मी बरीच वर्षं छोट्या उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं आणि चाचण्यांचं काम करतोय. विद्यार्थ्यांच्या गटांबरोबर बसून त्यांची डिझाइन्स तपासणं हाही त्याच कामाचा भाग. त्यामुळे हा उपग्रह मी पहिल्यापासून बारकाईने पाहत आलोय. माझ्या मते त्याला यशस्वी म्हणणं योग्यच आहे. पण का, हे समजायला त्या डब्यात नेमकं काय होतं आणि काय बिघडलं, ते आधी पाहावं लागेल.

उपग्रहाचं नाव एस्टक्यूब-१. बाजूला १० सेंमी असलेला ठोकळा, वजन १.०५ किलो. तार्तू विद्यापीठात २००८ च्या उन्हाळ्यात मार्ट नूरमा यांच्या पुढाकाराने काम सुरू झालं, पुढे प्रकल्पाची रोजची जबाबदारी सिल्व्हर लॅट यांच्याकडे होती. ७ मे २०१३ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून वेगा रॉकेटच्या दुसऱ्या उड्डाणात तो वर गेला. त्याच रॉकेटवर युरोपीय अवकाश संस्थेचा प्रोबा-व्ही आणि व्हिएतनामचा एक निरीक्षण उपग्रह होता. म्हणजे ‘देशाने उपग्रह सोडला’ असं आपण म्हणतो तेव्हा रॉकेट बहुतेक वेळा दुसऱ्याचंच असतं. स्वतःच्या रॉकेटने स्वतःचा उपग्रह कक्षेत नेऊ शकणारे देश जगात मोजकेच आहेत आणि आपण त्यातले एक आहोत. बाकीच्यांसाठी रॉकेटवरची जागा ही विकत किंवा करारातून मिळणारी गोष्ट आहे. खरी मेहनत त्याच्या आधी आणि नंतर असते.

एस्टोनिया अगदी शून्यातून उठला असंही नाही. तार्तूची वेधशाळा एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेली. पृथ्वीचा आकार मोजणारी खगोलशास्त्रज्ञ स्ट्रुव्ह यांची प्रसिद्ध मोजणी तिथूनच चालवली गेली. सोव्हिएत काळात जवळच्या तोराव्हेरे इथल्या वेधशाळेत सॅल्यूत अवकाशस्थानकासाठी उपकरणं तयार झाली. पोल्त्सामा गावात तर सोव्हिएत अंतराळवीरांसाठी ट्यूबमध्ये भरलेलं अन्न बनायचं. पण हे सगळं मॉस्कोच्या कार्यक्रमातले सुटे भाग होते. आपला, आपण आखलेला, आपण चालवलेला उपग्रह असा एकही नव्हता.

आता प्रयोगाकडे. पहिला उपग्रह बनवणारे बहुतेक गट एक कॅमेरा आणि एक बीकन (आपली ओळख सांगत राहणारा साधा रेडिओ संकेत) एवढ्यावर समाधान मानतात. त्यात चूक काही नाही. तार्तूच्या मुलांनी मात्र जगात कुणीही न केलेला प्रयोग निवडला. फिनलंडच्या हवामान संस्थेतले पेक्का यानहुनेन यांनी २००६ मध्ये एक कल्पना मांडली होती: विद्युत सौरशीड. सूर्याकडून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनचा एक विरळ वारा सतत वाहत असतो, सेकंदाला साधारण ४०० किमी वेगाने. यानातून लांबच लांब बारीक तारा बाहेर सोडायच्या, त्यांना मोठा धन विद्युतभार द्यायचा. समोरून येणारे प्रोटॉन त्या भाराला दबकून वळतात आणि वळताना तारेला ढकलतात. इंधन नाही, जळणारं काही नाही, फक्त वीज. ढकल अगदी किरकोळ, पण महिनोन्‌महिने चालू राहणारी.

हा वारा मोजायला पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेर जावं लागतं. एक किलोचा डबा तिथवर कोण नेणार? म्हणून त्यांनी युक्ती केली. साडेसहाशे किमीच्या आसपासच्या कक्षेत सौरवारा नाही, पण विरळ प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, आहे आणि उपग्रह त्यातून सेकंदाला साडेसात किमी वेगाने जातोय. म्हणजे उपग्रहाच्या दृष्टीने समोरून वारा येतोच आहे. भारित तार त्यात सोडली तर तिच्यावर बारीकसा दाब पडणार. उपग्रह स्वतःभोवती फिरत असेल आणि तार वाऱ्याच्या दिशेने जाताना भार चालू, उलट दिशेने येताना भार बंद, असं तालात करत राहिलं तर फिरण्याचा वेग हळूहळू बदलणार. तो बदल मोजला की बल मिळालं. हा भाग मी नव्या मुलांना मुद्दाम समजावून सांगतो. मोठी कल्पना लहान डब्यात तपासायची तर मूळ प्रश्नाचा नेमका कोणता तुकडा आपल्याला परवडतो, हे ओळखता आलं पाहिजे. तार्तूच्या मुलांना ते आलं.

तार होती १० मीटर. ५० आणि २५ मायक्रॉन जाडीच्या ॲल्युमिनियमच्या दोन तारा एकमेकींना जागोजागी जोडून केलेली. अवकाशातल्या सूक्ष्म कणाने एखादी तार तुटली तरी दुसरीने धरून ठेवावं म्हणून ही रचना. डोक्याचा केस यापेक्षा बहुधा जाड भरेल. ही तार एका छोट्या रिळावर गुंडाळलेली, टोकाला ग्रॅमभराचं वजन. पतंगाची फिरकी जशी मांजाच्या ओढीने फिरते तशी इथे उपग्रहाच्या गिरकीची ओढ तारेला ताठ ठेवणार आणि एक चिमुकली पिझो मोटर (वीज दिल्यावर किंचित आकार बदलणाऱ्या स्फटिकावर चालणारी) रीळ फिरवून ती थोडी थोडी सोडणार. तारेला भार देण्यासाठी ५०० व्होल्टची व्यवस्था, भार टिकवण्यासाठी इलेक्ट्रॉन बाहेर फेकणाऱ्या छोट्या बंदुका आणि टोकाचं वजन खरंच बाहेर गेलं का हे बघायला ६४० बाय ४८० बिंदूंचा कॅमेरा. हे सगळं आणि शिवाय बॅटरी, संगणक, रेडिओ, दिशा ओळखण्याची यंत्रणा, एवढं सगळं एका किलोत. या आकाराच्या डब्याला सरासरी दोन-तीन वॅट वीज मिळते. ५०० व्होल्ट ऐकून घाबरायला होतं, पण प्रवाह मिलीॲम्पच्या आसपासही नसतो. अडचण असते ती निर्वाताच्या जवळच्या दाबात ठिणगी न पडू देण्याची.

विद्यार्थी हे करू शकतात का, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. करू शकतात, कारण यातला एकेक तुकडा शिकता येण्यासारखा आहे. सर्किट बोर्ड बनवता येतो, मायक्रोकंट्रोलर सगळ्यांना ठाऊक आहे, प्रोग्रॅमिंग येतं. जे येत नसतं ते म्हणजे एका खोलीतल्या वीस मुलांचे वीस तुकडे एकत्र जोडल्यावर ते चालतील अशी शिस्त. वीजयंत्रणेचा माणूस म्हणतो ३.३ व्होल्ट देतोय, रेडिओवाला म्हणतो प्रसारणाच्या क्षणी ते २.९ वर येतात आणि संगणक रीसेट होतो. दोघंही खरं बोलत असतात. असे वाद महिनोन्‌महिने चालतात. त्यात एक विद्यार्थी पास होऊन नोकरीला लागतो, त्याच्या जागी दुसरा येतो आणि आधीच्याने वहीत काहीच लिहिलेलं नसतं. विद्यार्थी उपग्रह रखडण्याचं सगळ्यात मोठं कारण पैसा नाही, हे आहे. तार्तूत अनेक देशांतले मिळून शंभराच्या आसपास विद्यार्थी पाच वर्षांत या कामातून गेले. एवढी येजा असूनही धागा तुटला नाही, कारण कामाचे तुकडे बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या प्रबंधांना जोडलेले होते. प्रबंध लिहायचा म्हणजे डिझाइन लिहूनच ठेवावं लागतं. पुढचा माणूस तो प्रबंध वाचून कामाला लागतो. ही व्यवस्था मला त्या उपग्रहाइतकीच महत्त्वाची वाटते.

मग चाचण्या. कंपनचाचणी म्हणजे उपग्रह एका जाड पाटावर घट्ट आवळायचा आणि रॉकेटात बसतील तसे, किंबहुना थोडे जास्तच, हादरे द्यायचे. बाहेरून बघणाऱ्याला मुख्य हादऱ्यांचा तो धडधडाट लक्षात राहतो. आम्ही बघतो ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन शांत आलेख. अगदी हलक्या कंपनाने ठोकळ्याची नैसर्गिक वारंवारता मोजायची, मग जोराचे हादरे द्यायचे, मग पुन्हा तीच हलकी मोजणी. दोन्ही आलेखांवरची शिखरं एकमेकांवर बसली तर ठीक. शिखर डावीकडे सरकलं की समजायचं आत काहीतरी ढिलं झालंय: एखादा स्क्रू, एखादा कनेक्टर, बॅटरीखालचा चिकटवलेला पट्टा. मग सगळं उघडायचं. त्यानंतर निर्वात कक्षात गरम-थंडीच्या फेऱ्या. हलणारा भाग असेल तर तो हादऱ्यांनंतर, निर्वातात आणि थंडीत प्रत्यक्ष चालवून पाहायचा. मेजावर सुरळीत फिरणारं यंत्र निर्वातात अडकतं, कारण हवेत धातूंच्या पृष्ठभागावर असलेला बारीक थर तिथे उरत नाही आणि साधं तेल-ग्रीस तर उडूनच जातं. माझ्या अनुभवात छोट्या उपग्रहांत दोन गोष्टींवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा: उलगडणारं काहीही आणि फिरणारं काहीही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण नव्या देशांची गाडी इथे हमखास अडते. उपग्रह बोलणार कोणत्या वारंवारतेवर, हे आपल्या मनाने ठरवता येत नाही. हौशी रेडिओचा पट्टा वापरायचा तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाकडून समन्वय घ्यावा लागतो आणि देशाच्या दूरसंचार खात्यामार्फत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंद जाते. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार उपग्रह विद्यापीठाचा असला तरी त्याची जबाबदारी सरकारची. तो कुणाच्या डोक्यावर पडला किंवा दुसऱ्या उपग्रहाला धडकला तर उत्तर सरकारने द्यायचं. ज्या देशात आधी कधी उपग्रहच नव्हता तिथल्या कारकुनाला हा अर्ज कोणत्या टेबलावर ठेवायचा तेही माहीत नसतं. पहिला उपग्रह ही वाट पाडतो. दुसऱ्याला ती तयार मिळते.

उपग्रह कक्षेत सुटल्यावर जो काळ येतो तो मला या साऱ्या कामातला सगळ्यात जिवंत भाग वाटतो. रॉकेटवरच्या पेटीतून बाहेर पडल्यावर उपग्रह ठरलेला वेळ गप्प बसतो, कारण बाकीच्या उपग्रहांजवळ अँटेना उघडायची किंवा बोलायची परवानगी नसते. मग एक पातळ तार गरम करून दोरा जाळला जातो, गुंडाळलेल्या अँटेना ताडकन उघडतात आणि बीकन सुरू होतो. एस्टक्यूब-१ चा बीकन मोर्स संकेतात होता, त्याची हाकखूण ईएस५ई/एस. त्या पहिल्या दिवसांत जगभरचे हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाले कान लावून बसतात आणि जे ऐकू येईल ते कळवतात, कारण आपलं एकच भूस्थानक असतं आणि उपग्रह बहुतांश वेळ दुसऱ्यांच्या डोक्यावर असतो.

भूस्थानकावर बसलेल्याला काय दिसतं, ते सांगतो. पडद्यावर वरून खाली सरकत जाणारा निळा पट्टा, त्यात खरखर. उपग्रह आपल्या आकाशातून जाण्याची, म्हणजे फेरीची, वेळ झाली की अँटेना क्षितिजाकडे वळलेली असते. मग त्या खरखरीत एक फिकट रेघ उमटते. ती सरळ नसते, तिरकी वाकत जाते, कारण उपग्रह आपल्याकडे येताना आणि दूर जाताना वारंवारता बदलत राहते. ४३७ मेगाहर्ट्‌झवर हा फरक दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्‌झच्या घरात जातो. ती वाकडी रेघ दिसली की खोलीतले सगळे एकदम गप्प होतात, कारण तशी वाकणारी रेघ जमिनीवरच्या कुठल्याही यंत्राची नसते. फेरी दहा-बारा मिनिटांची. तेवढ्यात तब्येत विचारायची, आज्ञा पाठवायच्या, माहिती उतरवायची. ९६०० बिट प्रतिसेकंद वेगाने ६४० बाय ४८० चा एक फोटो, प्रत्येक बिंदूला ८ बिट धरले आणि मधले सगळे सोपस्कार सोडून दिले, तरी चार मिनिटांहून जास्त घेतो. म्हणून आधी छोटी प्रतिमा उतरवायची, आवडली तर पूर्ण. एस्टक्यूबचा पहिला फोटो १५ मे २०१३ चा, भूमध्य समुद्रावरून काढलेला. प्रक्षेपणाला आठवडाच झाला होता.

इथे तार्तूला भूगोलाचा एक फायदा होता. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेतला उपग्रह उत्तरेकडच्या गावांवरून दिवसात जास्त वेळा जातो. ५८ अंश उत्तरेला असलेल्या तार्तूला पुण्यापेक्षा जवळपास दुप्पट फेऱ्या मिळतात. मिळालेल्या फेऱ्या त्यांनी वाया घालवल्या नाहीत. उपग्रह वर असतानाच त्याचं सॉफ्टवेअर अनेकदा बदललं, संवेदकांची मापं तिथेच जुळवून घेतली. ज्याने कधी कक्षेतल्या संगणकावर नवा प्रोग्रॅम चढवलाय त्याला त्यातली जोखीम कळेल: चुकला तर उपग्रह कायमचा मुका.

मग बिघडलं काय? दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली, गिरकी. प्रयोगासाठी उपग्रह सेकंदाला एक फेरा या वेगाने, ठरलेल्या अक्षाभोवती फिरायला हवा होता. चुंबकीय गुंडाळ्यांत वीज सोडून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी झटापट करत हा वेग मिळवतात. पण उपग्रहात लोहचुंबकी पदार्थाचे भाग होते, त्यामुळे तो डबा स्वतःच थोडासा होकायंत्रासारखा वागू लागला आणि नियंत्रणाला दाद देईना. तरीही २०१४ मध्ये त्यांनी त्याला सेकंदाला ८४१ अंशांपर्यंत फिरवलं, म्हणजे मिनिटाला साधारण १४० फेरे. हे स्वतःच एक मोठं काम होतं.

दुसरी गोष्ट, रीळ. त्या शरद ऋतूत तार सोडायची आज्ञा दिली. गिरकीच्या वेगात काही फरक पडला नाही, कॅमेऱ्यात टोकाचं वजन दिसलं नाही. रीळ फिरलंच नव्हतं. बहुधा प्रक्षेपणाच्या हादऱ्यांत ते अडकलं. एवढ्या सगळ्या मेहनतीचा जो मुख्य हेतू, तो तिथेच थांबला. दरम्यान सौरपट्ट्यांतून मिळणारी वीजही घटत चालली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये काम संपल्याचं जाहीर झालं आणि त्या वसंतात उपग्रह गप्प झाला. ‘एस्टोनिया चिरायू होवो’ हे त्याने पाठवलेले शेवटचे शब्द.

मी याला यश का म्हणतो? एक तर त्यांनी लपवलं नाही. २०१५ मध्येच कक्षेतला अनुभव आणि शिकलेले धडे यांवरचा त्यांचा लेख छापून आला. त्यात प्रत्येक उपयंत्रणेत काय चाललं, काय चाललं नाही आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं, ते सरळ लिहिलंय. लोहचुंबकी भागांबद्दलचा त्यांचा अनुभव मी आजही डिझाइन तपासताना मुलांपुढे ठेवतो: बॅटरीचं कवच कशाचं आहे, स्क्रू कोणते, कनेक्टरच्या आत निकेल आहे का, चुंबकमापक त्यापासून किती लांब. हे प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तरी अपयशातून आम्हाला फुकट मिळाले. आपल्याकडच्या अनेक विद्यार्थी प्रकल्पांत उपग्रह गप्प झाल्यावर सत्कार होतात, बातम्या येतात, पण नेमकं का गप्प झाला हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. पुढचा गट तीच ठेच पुन्हा खातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मुलांनी मेहनत कमी केलेली नसते.

दुसरं, माणसं. या एका उपग्रहाभोवती डझनावारी पदवीचे आणि पदव्युत्तर प्रबंध झाले, काही पीएच.डी. झाल्या, काही जणांनी कंपन्या काढल्या. सगळा खर्च १ लाख युरोच्या घरातला सांगितला जातो. त्यात विद्यार्थ्यांच्या वेळेचा पगार धरलेला नाही हे खरं, पण त्याच वेळेतून हे सगळं उभं राहिलं. दिशानियंत्रणाचं काम केलेले लात्व्हियाचे आंद्रिस स्लाविन्स्किस यांनी पुढे एस्टक्यूब-२ चं नेतृत्व केलं. वीजयंत्रणेवर काम केलेले मिह्केल पायुसालू आज तार्तूत ज्या कामात आहेत ते म्हणजे ओपिक नावाचा कॅमेरा. युरोपीय अवकाश संस्थेच्या कॉमेट इंटरसेप्टर मोहिमेत तो धूमकेतूजवळून जाणाऱ्या यानावर बसणार आहे. ज्या गावात ६४० बाय ४८० च्या कॅमेऱ्याने भूमध्य समुद्राचा फोटो काढल्याचा आनंद झाला होता, त्याच गावात आता धूमकेतूसाठी कॅमेरा बनतोय. २०१५ च्या सप्टेंबरपासून एस्टोनिया युरोपीय अवकाश संस्थेचा एकविसावा सदस्य आहे. हे फक्त एका उपग्रहामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण सदस्य झाल्यावर कामं घ्यायला हात तयार होते, हे त्या उपग्रहामुळेच.

आणि तरीही अवकाश कुणाला सवलत देत नाही. एस्टक्यूब-२, तिप्पट आकाराचा, जुन्या उपग्रहाचे धडे जमेस धरून बनवलेला, ९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुन्हा कुरूवरून वेगावरच गेला. रॉकेट व्यवस्थित पोहोचलं, पण उपग्रह ज्या पेटीतून बाहेर पडायचा त्यातून तो बाहेरच पडला नाही. एवढ्या वर्षांचं काम पेटीतच राहिलं. हे ऐकल्यावर मला दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं. त्यांची चूक कुठेच नव्हती. म्हणून देशाचा अवकाश कार्यक्रम एका उपग्रहावर तोलू नये असं मी प्रत्येकाला सांगतो. तोलायचाच तर दुसरा, तिसरा उपग्रह बनवायला तीच माणसं, किंवा त्यांनी शिकवलेली माणसं, अजून त्या इमारतीत आहेत का यावर तोलावा.

छोट्या देशांचा दुसराही एक मार्ग आहे, तो सांगायला हवा. जपानच्या क्यूशू तंत्रज्ञान संस्थेने बर्ड्‌स नावाचा कार्यक्रम चालवला. ज्या देशाला उपग्रह नाही त्याने आपले तीन-चार अभियंते तिकडे शिकायला पाठवायचे, सगळ्या देशांचे सारख्याच घडणीचे छोटे उपग्रह एकत्र बनवायचे आणि ते आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातल्या जपानी किबो विभागातून सोडायचे. घाना आणि मंगोलिया २०१७ मध्ये, भूतान २०१८ मध्ये, नेपाळ २०१९ मध्ये, पॅराग्वे २०२१ मध्ये, युगांडा आणि झिंबाब्वे २०२२ मध्ये, सगळे याच दारातून अवकाशात गेले. यात बांधणी परदेशात होते, त्यामुळे काही जण नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. भूतानचंच पाहा. भूतान-१ नंतर त्यांचे अभियंते बंगळूरला आपल्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात आले आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएसएलव्ही-सी५४ वरून भारत-भूतान उपग्रह वर गेला, ज्यात हौशी रेडिओचा भाग दोघांनी मिळून केला होता. साडेसात लाख वस्तीच्या देशासाठी ही दुसरी पायरी पहिलीहून मोठी आहे. अवकाशस्थानकातून सोडलेला उपग्रह फार तर वर्ष-दोन वर्षं टिकतो, चारशे किमीवरची विरळ हवा त्याला खाली ओढते. म्हणून तिथे पहिल्या दिवसापासून घाई असते. एस्टोनियाला साडेसहाशे किमी मिळाले, वेळ मिळाला आणि चुका सुधारायला दोन वर्षं मिळाली. निवड करता येत असेल तर मी उंची निवडीन.

आपल्या पीएसएलव्हीनेही इतरांचे पहिले उपग्रह नेले आहेत. २३ जून २०१७ च्या पीएसएलव्ही-सी३८ उड्डाणात लात्व्हियाचा व्हेंटा-१ आणि स्लोव्हाकियाचा एसकेक्यूब होते, दोन्ही आपापल्या देशाचे पहिले. श्रीहरिकोटाहून उडालेल्या रॉकेटची त्या देशांत मुलांनी वाट पाहिली असेल, याचा मला अभिमान वाटतो.

आता तुमच्या कॉलेजकडे येऊ. महाराष्ट्रात हे आधी झालंय. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारासच, म्हणजे तार्तूबरोबरच, स्वयम्‌चं काम हाती घेतलं. एक किलोच्या आतला तो उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. त्यांनी दिशेसाठी मुद्दाम कायम चुंबक वापरले: उपग्रहाने पृथ्वीच्या क्षेत्राशी आपोआप जुळून राहावं, वीज लागू नये. तार्तूला जे चुंबकत्व नको असताना चिकटलं, तेच पुण्यात ठरवून वापरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा दहा किलोचा प्रथम पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला. आयनमंडलातले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन मोजणं हा त्याचा हेतू होता आणि त्यासाठी देशातल्या इतर कॉलेजांनाही भूस्थानकं उभारायला त्यांनी बरोबर घेतलं होतं. या दोन्ही गटांतून गेलेली माणसं आज उद्योगात भेटतात. बैठकीत तिसऱ्या वाक्याला ती ओळखू येतात, कारण ती आधी विचारतात, ‘हे बिघडलं तर आपल्याला कळणार कसं?’

आज तुमच्यापुढे त्यांच्याहून सोपा रस्ता आहे. पहिल्याच झटक्यात पूर्ण उपग्रह बनवू नका. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेतच राहतो आणि इस्रो त्यावर पोएम नावाने प्रयोग बसवू देते. वीज, दिशा, संदेशवहन त्या टप्प्याकडून मिळतं, तुम्ही फक्त आपलं उपकरण करायचं. डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० वरच्या पोएम-४ मध्ये मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचा वनस्पतींचा प्रयोग होता आणि पुण्याच्या एमआयटी डब्ल्यूपीयूचंही उपकरण होतं. परवानगीचा अर्ज इन-स्पेस या खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे जातो.

पण त्याच्याही आधी, या सत्रात करता येईल असं एक काम आहे: छतावर भूस्थानक उभारा. दोन-तीन मुलांना हौशी रेडिओची परीक्षा द्यायला लावा. ऐकण्यापुरता यूएसबीचा साधा एसडीआर रिसीव्हर (संगणकाच्या मदतीने रेडिओ ऐकणारं छोटं यंत्र), हाताने बनवलेला यागी अँटेना (आडव्या दांड्यांचा, एका दिशेला रोखता येणारा) आणि जुना लॅपटॉप एवढ्यावर सुरुवात होते. अवकाशस्थानकाचा हॅम रेडिओ १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर छोटे संदेश परत पाठवतो, तो आधी पकडा. मग ४३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलणारे इतर देशांच्या विद्यार्थ्यांचे छोटे उपग्रह. त्यांचे बीकन उलगडून बॅटरीचे व्होल्ट वाचा आणि त्या त्या गटाला ईमेलने कळवा. ते लोक मनापासून उत्तर देतात, कारण आपल्या देशाबाहेरून आलेली एकेक नोंद त्यांना हवी असते. वहीत तारीख, वेळ, अँटेनाची दिशा, हवामान आणि ऐकणाऱ्याचं नाव रोज लिहा. वर्षभरानंतर पहिली बॅच पास होऊन जाईल तेव्हा ती वही पुढच्या बॅचकडे कोणी, कशी द्यायची, तेवढं मात्र आजच ठरवून ठेवा.